टूर लीडरचा ड्रम

आम्ही पडेगावच्या नव्या घरात राहायला आलो, त्या दिवशी आमच्या सामानाच्या टेम्पोसमोर एक गृहस्थ हातात पाटी धरून उभे होते. पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'श्री. साळुंके आणि कुटुंब'. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात लाल टाय, पायात मात्र रबरी स्लीपर. टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक मारला. मला वाटलं, प्लॉटचा काहीतरी वाद निघाला आणि हा माणूस कोर्टाकडून आला.

"वेलकम," ते गृहस्थ म्हणाले. "प्रवास कसा झाला?"

प्रवास छावणीपासून पडेगावपर्यंतचा होता. पंक्चर काढायचा वेळ धरूनही तासाच्या आतला. मी म्हटलं, "बरा झाला."

"पॅक्स किती?"

"काय किती?"

"पॅक्स हो. माणसं. आमच्या धंद्यात माणसाला पॅक्स म्हणतात. एक असला तरी पॅक्स, चाळीस असले तरी पॅक्स."

आम्ही दोघं आणि चार वर्षांची मुलगी, असं मी सांगितलं. त्यांनी काखेतली वही काढून लिहिलं, 'ट्विन, प्लस एक चाइल्ड विदाउट बेड'. मग कट्ट्यावर झाकून ठेवलेले स्टीलचे तीन ग्लास पुढं केले. हे वेलकम ड्रिंक. लिंबाचं सरबत होतं, आणि साखर इतकी की चिमीचे ओठ चिकटले. बायको, सुनंदा, माझ्या कानाशी म्हणाली, "कॉलनी बरी दिसते." मला मात्र शेजारी जरा सैल वाटला. पुढची दोन वर्षं मी त्याच मतावर होतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

त्यांचं नाव लासूरकर. सगळी कॉलनी त्यांना काका म्हणायची. पस्तीस-चाळीस वर्षं त्यांनी शहरातल्या एका ट्रॅव्हल कंपनीत काढली होती. सुरुवातीला विमानतळावर पाटी धरून उभं राहायचं आणि वेरूळ-अजिंठ्याला आलेल्या पाहुण्यांना हॉटेलात पोचवायचं, हे काम. पुढं टूर लीडर झाले. चाळीस-चाळीस मराठी माणसं घेऊन काश्मीर ते कन्याकुमारी फिरले. चाळीस मराठी माणसांना एका वेळी चहा मिळवून देणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. कंपनी बंद पडली, काका निवृत्त झाले, पण भाषा काही निवृत्त झाली नाही. आपल्या गावाला कुणी औरंगाबाद म्हणायचं, कुणी संभाजीनगर. काका आयएक्सयू म्हणायचे. विमानाच्या तिकिटावर गावाचं तेच नाव असतं म्हणे.

जगातल्या प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडं धंद्यातला शब्द होता. सुनंदाचा भाऊ एका रात्रीसाठी म्हणून आला आणि महिनाभर राहिला. काका रोज सकाळी कुंपणापलीकडून विचारायचे, "काय साळुंके, स्टॉपओव्हरचा लाँग स्टे झाला का?" विमा एजंट गाडेकर आमच्या कॉलनीतलं वजनदार प्रस्थ. त्यांच्या मुलीचं लग्न नुसत्या बोलाचालीत अडकलं होतं. मुलाकडचे तारीख देईनात. बैठकीत काका मध्येच म्हणाले, "हे बघा, ही सीट तुमच्या नावावर होल्ड आहे. ऑप्शन डेट पुढचा सोमवार. तोवर कन्फर्म नाही केलं तर आम्ही सीट रिलीज करणार. वेटलिस्टला लई पॅक्स आहेत." मुलाच्या बापाला यातलं अक्षर कळलं नाही, पण कुठल्यातरी सोमवारी काहीतरी हातचं जाणार एवढं कळलं. त्यांनी जागच्या जागी तारीख दिली. गाडेकर पुढं वर्षभर काकांना बघून हात जोडायचे.

आमची चिमीही बिघडली. एकदा ताप आला तेव्हा पांघरुणातून म्हणाली, "बाबा, बाईंना सांगा, मी आज नो-शो."

काका एकटे राहायचे. लग्न केलं नव्हतं. सीझनला टूर आणि ऑफ सीझनला पुढच्या टूरची तयारी, यात मुलगी बघायला जाणार कधी? सकाळी नाष्टा आणि संध्याकाळी जेवण छावणीतल्या एका खानावळीत. त्याला ते हाफ बोर्ड म्हणायचे. दुपारचं पॅकेजमध्ये नाही, ते ज्याचं त्यानं बघायचं. "एकट्याचं लई अवघड असतं बघा," एकदा ते म्हणाले. "खोली तीच, पंखा तोच, पण जोडीला दुसरा नाही म्हणून वर सिंगल सप्लिमेंट भरा. कुठंबी जा, एकट्याला दंड." मला वाटलं, हॉटेलवाल्यांची तक्रार चालली आहे. मी म्हटलं, "लुटतात हो साले," आणि पेपर वाचायला लागलो.

मग पाऊस गेला. एक वर्ष कमी झाला, दुसऱ्या वर्षी जवळजवळ नाहीच. शहर मात्र जोरात होतं. दौलताबादच्या रस्त्याला रोज नवा प्लॉट, नवी कमान, नवा बोर्ड. वीस फुटी रस्ते, चोवीस तास पाणी, समोर बगीचा, असं सगळं बोर्डावर होतं. आमच्या गल्लीत पंधरा घरं होती आणि नळाची पाइपलाइन वर्षभर 'आली, आली' म्हणत होती. बोअरला आधी गढूळ पाणी आलं, मग नुसती हवा. शेवटी सगळ्यांनी मिळून टँकर लावला, पाच दिवसांनी एक.

पहिल्या टँकरला जे झालं ते सांगण्यासारखं नाही. माणसं शिकलेली होती म्हणून शिव्या इंग्रजीत दिल्या, एवढंच. अर्धं पाणी रस्त्यावर गेलं. दुसऱ्या दिवशी बैठक भरली. मी छावणीतल्या एका शाळेत लेखनिक. माझं अक्षर चांगलं, म्हणून नियम लिहायचं काम माझ्याकडं. लिहायचं म्हटल्यावर मी ते ठरवूनही टाकलं. माणसं मोजत बसलो तर भांडणं होतील, तेव्हा घरामागं दोन ड्रम. घरात एक माणूस असो की सात. नियम म्हणजे नियम. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि हे राबवणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा काका उभे राहिले. टाय बांधूनच आले होते.

"ग्रुप माझ्याकडं द्या," ते म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत टँकर येणं बंद झालं. डिपार्चर सुरू झालं. काकांनी बंद पडलेल्या ऑफिसातले बॅगांना बांधायचे टॅग आणले आणि प्रत्येक ड्रमच्या गळ्यात नंबर घालून एक एक टॅग बांधला. वहीला नाव दिलं मॅनिफेस्ट, म्हणजे प्रवाशांची यादी. टँकर नऊला असेल तर आमचं रिपोर्टिंग साडेआठला. झाकण काढून, ड्रम ओळीत, माणूस ड्रमपाशी. हजर नसेल त्याला तीन वेळा नावानं पुकारायचे. मग 'नो-शो' म्हणून शेवटी ढकलायचे. जादा बादली आणणाऱ्याला एक्सेस बॅगेज म्हणून बाजूला काढायचे. गाडेकर एकदा दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून धावत आलेले मी पाहिले आहेत.

टँकरचा ड्रायव्हर शफीकभाई. त्याच्याशी काकांचा दर खेपेचा संवाद ठरलेला.

"शफीकभाई, नौ का रिपोर्टिंग था. सव्वा नौ हो रहे. ये डिले है."

"काका, विहीर पे नंबर था. मैं क्या उड के आऊं?"

"उडके आने का नक्को बोलो. डिले का कारण बोलो. पॅक्स को अनाउन्स करना पडता."

आणि मग खरंच वळून पंधरा घरांना सांगायचे, "विहिरीवर गर्दी असल्यामुळं पंधरा मिनिटं डिले. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." हसून हसून आमची पोटं दुखायची. पण पाण्याचा एक थेंब रस्त्यावर सांडत नव्हता, हेही खरं.

पंधरा घरांचे तीस ड्रम भरले की टँकरच्या तळाशी थोडं उरायचं. ते पाणी एकतिसाव्या ड्रमात जायचं. तो ड्रम काकांच्या दारात असायचा आणि त्याच्या टॅगवर लिहिलेलं होतं 'टीएल'. टूर लीडर. पहिल्याच दिवशी त्यांनी खुलासा केला होता. "धंद्याचा रिवाज आहे. पंधरा पॅक्सवर एक कॉम्प्लिमेंटरी. जगात कुठंबी जा. पंधरा घरं भरली की शफीकभाईकडून एक ड्रम आपल्याला फ्री." तेव्हा कुणी काही बोललं नाही. पाच दिवसांनी टँकर येत होता, पोटं भरलेली होती.

त्याच उन्हाळ्यात माझी माय आमच्याकडं आली. देवगाव रंगारीची आमची विहीर आटली, थोरला भाऊ जनावरं घेऊन चारा छावणीवर गेला, आणि मायला तर वर्षापूर्वीच अर्धांगवायू झालेला. उजवी बाजू गेलेली, तोंड थोडं वाकडं, उठणं-बसणं दुसऱ्याच्या हातानं. जीपमधून तिला आणली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी काका पाटी घेऊन उभे. 'श्रीमती गयाबाई साळुंके, देवगाव रंगारी'.

मायला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "काय लिव्हलंय?"

"तुमचं नाव, माय," काका म्हणाले.

"माजं नाव? यवढं मोटं?" आणि ती वाकड्या तोंडानं हसली. मग तिनं तिचा नेहमीचा प्रश्न विचारला. तो ती पोस्टमनला विचारायची, डॉक्टरला विचारायची, दारात आलेल्या कुणालाही विचारायची. "ज्येवला का रं, बाबा?"

काका जरा गडबडले. त्यांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, "माझं हाफ बोर्ड आहे."

त्याच दिवशी त्यांनी वहीत आमच्या नावापुढं 'प्लस एक एक्स्ट्रा बेड, व्हीलचेअर असिस्टन्स' असं लिहिलं. मला विचारलं, "साळुंके, दोन ड्रम पुरतील का? एक्स्ट्रा बेड म्हणजे धुणं आलं." मी छाती पुढं काढून म्हणालो, "नियम मीच केलाय काका. माझ्यासाठी मीच वाकवू का?" त्यांनी वही मिटली.

मायच्या चादरी दिवसातून दोनदा बदलाव्या लागायच्या. मी सकाळी दहाला बाहेर पडायचो तो संध्याकाळी सहाला यायचो. घर स्वच्छ, माय स्वच्छ, दोरीवर चादरी वाळलेल्या. मी सुनंदाच्या काटकसरीचं कौतुक शाळेत चार जणांना सांगायचो. कौतुक करण्यापलीकडं मी काही केलं नाही.

उन्हाळा चढला. पाच दिवसांचा टँकर आठ दिवसांवर गेला. मग लोकांच्या डोळ्यांत काकांचा तो एकतिसावा ड्रम सलायला लागला. पहिल्यांदा गाडेकरच बोलले, वर्षभर हात जोडणारे. "एकटा जीव, आणि तीन ड्रम? घरी स्वयंपाक नाय, बायको नाय, लेकरू नाय. करतो काय हा पाण्याचं?" कुणी म्हणालं, विकतात. कुणी म्हणालं, रोज दोनदा आंघोळ करतात, शर्ट बघा किती पांढरा. शर्टाचा मुद्दा मलाही पटला. अर्ज लिहायचं ठरलं, आणि अक्षर कुणाचं चांगलं? मी दोन पानं भरली. 'सार्वजनिक पाण्याचा वैयक्तिक उपभोग' असा एक शब्दप्रयोग त्यात घातला होता. त्यावर मी बेहद्द खूश होतो. खाली चौदा सह्या. पहिली माझी.

रविवारी सकाळी मोकळ्या प्लॉटवर बैठक झाली. बायका घरी होत्या. गाडेकरांनी अर्ज वाचला. काका हातात मॅनिफेस्ट घेऊन शांत उभे होते. "तो ड्रम कुठं जातो ते सांगा, म्हणजे झालं," गाडेकर म्हणाले.

"कॉम्प्लिमेंटरीचं नाव डिस्क्लोज करत नसतात," काका म्हणाले. "पॉलिसी आहे."

मग मी उठलो. मला आजही ते भाषण आठवलं की कान तापतात. मी म्हणालो, "माझ्या घरी अंथरुणाला खिळलेली आई आहे. रोज दोन-दोन चादरी धुवाव्या लागतात. तरी आम्ही दोन ड्रममध्ये भागवतो! आमच्या घरात जे जमतं, ते एकट्या माणसाला जमू नये?" टाळ्या पडल्या. काकांनी माझ्याकडं पाहिलं.

त्यांनी वही गाडेकरांच्या हातात दिली. 'ग्रुप हँडओव्हर' असं लिहून खाली त्यांची सही घेतली, कारण सहीशिवाय ग्रुप दिला-घेतला जात नाही. मग टाय सोडला, नीट घडी करून खिशात घातला आणि घरी गेले.

मी विजयी वीरासारखा घरी आलो. सुनंदा भाकरी थापत होती. मी तिला भाषण पुन्हा एकदा म्हणून दाखवलं. तिचा हात थांबला.

"आपलं दोन ड्रममध्ये भागतं?" तिनं विचारलं.

"भागवतेस ना तू."

"चला," ती म्हणाली आणि पिठाच्या हातानंच मला मागच्या दारी घेऊन गेली. काकांच्या आणि आमच्या घरामध्ये कमरेइतकी भिंत होती. भिंतीवरून एक हिरवी नळी आमच्या मोरीतल्या हौदापर्यंत आली होती. तिच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं, गाळ येऊ नये म्हणून.

"टीएलचा ड्रम इथं येतो," ती म्हणाली. "माय आल्यापासून. टँकर आठ दिवसांवर गेला तवापासून त्यांच्या दोन ड्रममधला एक बी इथंच येतो. म्हणतात, सूनबाई, सिंगलला लागतं किती. त्यांच्या अंगावरचे शर्ट छावणीतला धोबी धुतो. अन् मी रोज दोन चादरी काय हवेत धुत होते?"

मी म्हणालो, "मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही काय म्हणाला असता? परत करा. नियम तुमचाच. माय दिवसभर ओल्यात पडली असती, अन् तुम्ही संध्याकाळी येऊन आम्हाला नियम किती चांगला ते समजावलं असतं."

खोटं काहीच नव्हतं त्यात. भाकरी तव्यावर करपल्याचा वास यायला लागला, तरी ती आत गेली नाही. म्हणाली, "नळी लावली की हौद भरायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ ते मायजवळ बसतात. काश्मीरचं सांगतात, बर्फाचं सांगतात. ती 'मंग?' म्हणते. ते अजून सांगतात. दिवसभरात तिच्याशी तेवढं बोलणारं दुसरं कोण आहे?"

मी तसाच काकांकडं गेलो. इतक्या दिवसांत मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. एक खाट, एक खुर्ची, आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या पाट्या. शंभर-सव्वाशे तरी असतील. एका बाजूला एक नाव, मागच्या बाजूला दुसरं. कुठल्या कुठल्या देशांची माणसं. एका पाटीवर माझं नाव होतं, तिच्या मागं मायचं.

"काका, चुकलं माझं," मी म्हणालो.

"फीडबॅक फॉर्म सगळेच भरतात, साळुंके," ते म्हणाले. "टूर लीडरनं मनाला लावून घ्यायचं नसतं. बसा."

मी विचारलं, गल्लीत पंधरा घरं, आमचंच का? ते एका पाटीची धूळ पुसायला लागले.

"मे महिना होता. बत्तीस पॅक्स घेऊन वर हिमालयात. हॉटेलात माझ्या नावची तार आलेली. आई लासूरला होती, तुमच्या मायसारखीच, अंथरुणाला. आता बत्तीस माणसं डोंगरात सोडून टूर लीडर खाली उतरत नसतो. नाही उतरलो. टूर पुरी केली, सगळ्यांना घरी पोचवलं, आणि मग मी पोचलो. दहावा होऊन गेला होता." त्यांनी पाटी खाली ठेवली. "शेवटचा महिनाभर तिला कुणी शेजारीण पाणी पाजायची, धुवायची-पुसायची. तिचं नाव मला आजतागायत कळलं नाही. विचारायचं राहिलं."

मी म्हटलं, वही परत घ्या. ते म्हणाले, ग्रुप हँडओव्हर झाला, सही झाली. आणि दार लावून घेतलं.

पुढच्या टँकरला गाडेकर वही घेऊन उभे राहिले. शफीकभाई गाडीतून उतरेचना. "काका किधर है? मैं किसका सुनूं?" गाडेकर म्हणाले, माझं. इतर तेरा जणही म्हणाले, माझं. नवव्या नंबरचा ड्रम दोनदा भरला, चौथ्याचा राहिला, पाइप हातातून सुटला आणि गाडेकरांचा विम्याच्या मीटिंगचा शर्ट भिजला. रस्त्यावर ओहोळ वाहायला लागला. त्यात दोन कुत्री पाणी प्यायला आली. त्यांच्याइतकं समाधानी त्या दिवशी गल्लीत कुणी नव्हतं.

मी टँकरच्या पायरीवर चढलो. ओरडलो, "तो एकतिसावा ड्रम माझ्या घरी येत होता! माझ्या मायसाठी. मला माहीत नव्हतं, पण माहीत करून घ्यायचं होतं, ते मी केलं नाही. अर्ज मी लिहिला, पहिली सही माझी, आणि चोर मीच." 

शफीकभाईनं पाणी बंद केलं. गाडेकर ओला शर्ट अंगापासून धरून माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस मला कच्चा खाणार. ते म्हणाले, "अहो साहेब, मायला पाणी लागतं हे तोंडानं सांगायचं ना. आम्ही काय नाय म्हणलो असतो?" आणि वही माझ्या हातात दिली. "जा, घेऊन या त्यांना. माझ्याच्यानं हे व्हायचं नाय."

वही घेऊन मी आधी घरी आलो. काकांच्या बंद दारासमोर जाऊन नुसतं "चला" म्हणायची हिंमत होईना. माय जागी होती. सात-आठ दिवस तिच्याजवळ कुणी बसलं नव्हतं. तिनं मला विचारलं, "त्यो पाटीवाला कुटं गेला रं? बर्फाचं अर्धंच सांगून गेला."

तेव्हा मला सुचलं. मी चिमीच्या वहीचा मागचा पुठ्ठा फाडला आणि ज्या अक्षरात अर्ज लिहिला होता, त्याच अक्षरात त्यावर लिहिलं. मग काकांच्या दारासमोर, भर उन्हात, पुठ्ठा धरून उभा राहिलो. मागं गल्ली जमली होती. शफीकभाईनं एकदा हॉर्न दिला.

काकांनी दार उघडलं. अंगात बनियन, हातात चहाचा कप. त्यांनी पाटी वाचली. 'श्री. लासूरकर'. एवढंच होतं. पुन्हा वाचली. जन्मभर त्यांनी हजारो माणसांची नावं अशी धरली असतील. त्यांचं नाव घेऊन मात्र कुठल्या विमानतळावर, कुठल्या स्टेशनावर, कधी कुणी उभं राहिलं नव्हतं. हे मला त्यांचा चेहरा बघून कळलं.

"पोटाशी नाय धरायची," ते म्हणाले. "छातीशी धरायची. पॅक्सला लांबून दिसली पाहिजे."

मी पाटी वर घेतली. ते आत गेले. बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा टाय बांधलेला होता आणि डोळे धुतलेले होते. त्यांनी माझ्या हातातून वही घेतली, टँकरकडं एक नजर टाकली, शफीकभाईला हातानं 'थांब' म्हणून खुणावलं आणि टँकरकडं न जाता आमच्या घरात शिरले. मी मागं मागं गेलो.

मायनं त्यांना ओळखलं. डावा हात उचलला. आणि तिचा तोच प्रश्न विचारला.

"ज्येवला का रं, बाबा?"

मला वाटलं, आता घड्याळ बघतील आणि हाफ बोर्डचं काहीतरी सांगतील. ते खाटेजवळ जमिनीवर बसले, वही बाजूला ठेवली आणि म्हणाले, "न्हाई माय. अजून जेवलो न्हाई."

सुनंदानं ताट वाढलं. बाहेर टँकर अर्धा तास उभा होता, पण त्या दिवशी कुणीही उशीर झाला म्हणालं नाही.